धावत्या आरव्हीत छतावरचा एसी : उन्हाळाभर वापरल्यानंतर

ॲरिझोनातल्या फिनिक्स ते टूसॉन पट्ट्यात बाहेर ११०° फॅरनहाइट असतं तेव्हा आरव्हीत (राहण्याची सोय असलेल्या मोठ्या गाडीत) डॅशबोर्डच्या एसीचा गारवा मागच्या सोफ्यापर्यंत पोचतच नाही. मागे मुलं किंवा भारतातून आलेले आई-बाबा बसणार असतील, तर छतावरचा एसी गाडी धावतानाच चालायला हवा. जनरेटरशिवाय ते छान जमतं, मात्र वायरिंगमध्ये काटकसर चालत नाही.

आमची जोडणी अशी: फोर्ड ई-४५० व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेली क्लास सी प्रकारची आरव्ही, १३,५०० बीटीयूचा एसी, बॅटरीच्या विजेवर एसी चालवणारा ३००० वॉटचा प्युअर साइन इन्व्हर्टर, १२ व्होल्टच्या ४०० अँपिअर-अवर लिथियम बॅटऱ्या आणि इंजिनवर फिरणाऱ्या अल्टरनेटरवर ५० अँपिअरचे दोन डीसी-टू-डीसी चार्जर (अल्टरनेटरच्या विजेने या बॅटऱ्या भरणारे).

एसी साधारण १४०० वॉट खातो. इन्व्हर्टरची गळती धरून बॅटरीतून १२० अँपिअरच्या आसपास जातात, चार्जर १०० परत भरतात. म्हणजे तूट तासाला जेमतेम २० अँपिअर-अवरची, त्यामुळे दिवसभराचा प्रवास आरामात निघतो. गाडी उभी केली की याच बॅटऱ्या साधारण सव्वातीन तासांत संपतात. रात्रभर एसी हवा असेल तर कँपग्राउंडची ३० अँपिअरची जोडणीच घ्या. छतावरच्या ४०० वॉट सोलरने यात फारसा फरक पडत नाही.

सॉफ्ट स्टार्टर आधी बसवा. काँप्रेसर सुरू होताना क्षणभर चालू स्थितीच्या चार-पाच पट करंट ओढतो आणि इन्व्हर्टर ट्रिप होतो. सॉफ्ट स्टार्टरने तो झटका निम्म्याहून कमी होतो.

सगळ्यात जास्त त्रास लग्जचा, म्हणजे केबलच्या टोकाला बसवायच्या धातूच्या जोडण्यांचा. बॅटरी ते इन्व्हर्टर ४/० मापाची जाड तांब्याची केबल, शक्य तितकी आखूड, आणि बॅटरीला लागून ४०० अँपिअरचा क्लास टी फ्यूज हवा. लग केबलवर हायड्रॉलिक क्रिंपरनेच (दाबयंत्रानेच) दाबा. हातोडीने ठोकलेला लग सुरुवातीला ठीक वाटतो. रस्त्याच्या हादऱ्यांनी सैल होतो, तापतो, त्यावरची हीट-श्रिंक नळी तपकिरी पडून आक्रसते आणि व्होल्टेज पडून इन्व्हर्टर 'लो बॅटरी' दाखवत बंद होतो. बॅटरी मात्र भरलेली असते! एसी अर्धा तास चालवून प्रत्येक लगवर इन्फ्रारेड थर्मामीटर धरा. शेजारच्यापेक्षा जास्त तापलेला लग लगेच कळतो. बॅटऱ्या समांतर असतील तर पॉझिटिव्ह एका टोकाच्या बॅटरीवरून आणि निगेटिव्ह दुसऱ्या टोकाच्या बॅटरीवरून घ्या, नाहीतर पहिल्याच बॅटरीवर सगळा भार येऊन तिचा बीएमएस (बॅटरीतलं संरक्षक सर्किट) तिला बंद करतो.

इन्व्हर्टर गाडीच्या पूर्ण वीज-पॅनेलला जोडला असेल तर कन्व्हर्टरचा (पॅनेलच्या विजेवर बॅटरी चार्ज करणाऱ्या उपकरणाचा) ब्रेकर आठवणीने पाडा. नाहीतर बॅटरीच्याच विजेवर बॅटरी चार्ज होत राहते, आणि तेवढी वीज उष्णतेत वाया जाते. वॉटर हीटरचं इलेक्ट्रिक बटणही बंद हवं. फ्रिज गॅस आणि वीज दोन्हींवर चालणारा असेल तर तो आपोआप विजेवर गेलाय का, तेही बघा.

ट्रॅफिकमध्ये इंजिन आयडलवर असताना अल्टरनेटर पूर्ण करंट देत नाही, शिवाय हवा न मिळाल्याने तापतो. दोन्ही चार्जर वेगवेगळ्या स्विचवर घ्या आणि अशा वेळी एक बंद करा. आय-१७ महामार्गाच्या फ्लॅगस्टाफकडच्या चढावर इंजिन तापू नये म्हणून डॅशबोर्डचा एसी बंद करायला सांगणारे फलक आहेत. तिथे दोन्ही चार्जर बंद ठेवून छतावरचा एसी निव्वळ बॅटरीवर चालवता येतो. मागच्यांना चढ जाणवतही नाही.

एसीच्या आत गार हवेचा आणि परतीच्या हवेचा कप्पा यांच्यामधली फट फॉइल टेपने बुजवा. खर्च नगण्य, पण गाडी लवकर गार होऊन काँप्रेसर लवकर थांबायला लागतो.

जनरेटर मात्र काढून टाकू नका. उंचीवर त्याची ताकद दर १००० फुटांना साडेतीन टक्के घटते आणि इंधनाची टाकी पाव भागावर आली की तो बंद पडतो, तरीही भर दुपारी वाळवंटात गाडी उभी करावी लागली तर तोच उपयोगी पडतो.