किट रोज पिवळंच दाखवायचं

मार्चअखेरीस दोन फुटी काचेची टाकी घेतली, साठेक लिटरची. दुकानदार बोलका. "ताई, ही बॅक्टेरियाची बाटली ओता आणि संध्याकाळीच मासे सोडा," म्हणत आठ गोल्डफिश पिशवीत बांधून दिले. मी थोडं वाचून गेले होते, म्हणून अमोनिया तपासायचं किटही मागितलं. काउंटरखालून निघालं. साडेआठशे रुपये. बिल म्हणजे वहीतला फाडलेला कागद.

माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं यांतून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो पचवणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. ते अमोनियाचं आधी नायट्राइट करतात, मग नायट्रेट. पहिले दोन्ही माशांसाठी विषच. म्हणून मी रोज नळीत टाकीचं पाणी घेऊन किटचे थेंब टाकत होते आणि रोज नळी पिवळी. पिवळी म्हणजे शून्य. मी आपली खूश!

पाचव्या दिवशी मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले. सकाळी दोन मेलेले. दुकानात पाणी नेलं. त्याने एक पट्टी बुडवून सांगितलं, "पाणी ओके आहे, पण सोलापूरचं पाणी जड हो ताई." पटलंच. आमच्या गीझरच्या कॉईलवर क्षाराची साल धरते. निळं औषध घेऊन तीनशे रुपये मोजून आले. ती पट्टी फक्त पीएच आणि जडपणाची होती, हे नंतर कळलं. अमोनियाचा रकानाच नव्हता तिच्यावर. आणि पीएच चढा, वर इथला उन्हाळा, म्हणजे तोच अमोनिया जास्त जहरी.

आणखी तीन मासे गेल्यावर संशय किटवर गेला. सासूबाईंच्या फडताळात कल्हईच्या काळातला नवसागर पडून होता. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. चिमूटभर पेलाभर पाण्यात विरघळवला, थेंब टाकले. नळी हिरवीगार व्हायला हवी होती. पिवळीच! मग खोक्यावरचं किमतीचं स्टिकर नखाने खरवडलं. खाली मुदतीची तारीख, दोन वर्षांपूर्वीची.

दुकानदार म्हणाला, "उघडलेला माल परत नाही." ग्राहक हेल्पलाइनला, 1915 ला, फोन केला, तर पहिला प्रश्न बिलाचा. माझ्याकडे वहीचा कागद, त्यावर ना दुकानाचं नाव, ना बॅच नंबर.

उरलेले तीन मासे भावाच्या जुन्या टाकीत दिले. नवं किट आणलं, दुकानातच स्टिकर काढून तारीख बघितली आणि घरी आल्याआल्या नवसागरावर तपासलं. हिरवं झालं. आता टाकीत मासा नाही. जिवाणूंना खाणं म्हणून दर दोन दिवसांनी कणभर नवसागर टाकते. आज एकोणिसावा दिवस. अमोनिया उतरतोय, नायट्राइटची नळी मात्र अजून गडद जांभळी आहे, म्हणजे तो अजून भरपूर आहे.