आकडा उतरला, तेल तापलेलेच राहिले: ऑइल कूलरच्या नावाखाली झालेली फसवणूक

माझ्याकडे पहिल्या पिढीची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस आहे. १.८ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, मूळची १५० अश्वशक्ती, आणि आधीच्या मालकाने रीमॅप करून (इंजिनाच्या संगणकातले सॉफ्टवेअर बदलून) त्यात घातलेली थोडी भर, असा हा ऐवज मी हौसेने विकत घेतला व पुण्यात रोजच्या वापरात ठेवला. हौशी गाडीवाल्याला गंडवणे किती सोपे असते, हे त्यानंतर दोन वर्षांच्या आत माझ्या लक्षात आले. ज्या गॅरेजने मला फसवले त्याचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण तक्रारीचा निकाल अजून लागायचा आहे. फसवणुकीची रीत मात्र सविस्तर लिहितो.

या गाडीच्या डॅशबोर्डवर तेलाचे तापमान दिसत नाही. कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) काटा दिसतो, पण तो ९० वर एकदा स्थिरावला की तापमान थोडेफार वरखाली झाले तरी हलत नाही. फोक्सवॅगन समूहाच्या त्या काळच्या अनेक गाड्यांत चालकाला उगाच काळजी वाटू नये म्हणून तो मुद्दामच तसा ठेवलेला असे. म्हणून मी तेलाच्या तापमानाचा वेगळा डिजिटल मीटर बसवून घेतला होता. शहरात तो ९५ ते १०५ अंश दाखवी. एप्रिलमधल्या एका दुपारी वाई सोडून पसरणी घाट जोरात चढवला, तेव्हा आकडा १२४ वर गेला आणि माझ्या पोटात गोळा आला.

आज मागे वळून पाहताना कळते की घाबरण्यासारखे त्यात फारसे नव्हते. चांगले सिंथेटिक ५डब्ल्यू-४० तेल थोडा वेळ १२० ते १२५ अंश सहज सोसते. तापमान वाढेल तसे तेल पातळ होते, १०० अंशांवरचा त्याचा दाटपणा १३० ला जवळजवळ निम्म्यावर येतो, आणि दर दहा अंशांमागे तेल खराब होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, हे सर्व खरे आहे. पण हा हिशेब तासन्‌तास त्या तापमानात राहणाऱ्या तेलाचा असतो, दहा-बारा किलोमीटरच्या घाटाचा नव्हे. शिवाय या इंजिनात ऑइल फिल्टर आणि त्याची बैठक यांच्यामध्ये कंपनीनेच एक छोटा कूलर बसवलेला असतो, ज्यात कूलंट तेलाची उष्णता ओढून घेते व थंड इंजिन सुरू केल्यावर तेच कूलंट तेलाला लवकर गरमही करते. मला खरी गरज होती ती ताज्या तेलाची आणि स्वच्छ कूलंटची. गॅरेजवाल्याने मात्र "साहेब, १२४ म्हणजे बेअरिंग गेलेच समजा" असे सांगितले आणि मी लगेच खिशात हात घातला.

त्याने सांगितलेले सामान कागदावर निर्दोष होते. स्वीडनमधल्या एका नामांकित कंपनीचा नवा कूलर (पुढच्या बंपरमागे वाऱ्यावर तेल गार करणारा), तेलाला त्याच्याकडे वळवणारी, फिल्टरखाली बसणारी, थर्मोस्टॅट असलेली सँडविच प्लेट, जाळीदार आवरणाचे दोन होज (नळ्या), आणि सगळी मजुरी, मिळून ४६,५०० रुपये. पक्के बिल घेतल्यास १८ टक्के जीएसटी वर पडेल, म्हणून "कच्च्यावर करू या" असे तो म्हणाला आणि मी मान डोलावली. पैसेही गॅरेजच्या खात्यात न जाता एका व्यक्तीच्या यूपीआय क्रमांकावर गेले. हे दोन्ही निर्णय माझे होते आणि त्यांची किंमत पुढे मीच मोजली. गाडी परत देताना त्याने आणखी एक वाक्य सहज टाकले: "मीटरचा सेन्सर चेंबरमधून (म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीतून) काढून प्लेटवर घेतला आहे, आता तुम्हाला खरे रीडिंग मिळेल."

पुढच्याच रविवारी मी पुन्हा पसरणी घाट चढलो. तीच दुपार, तोच वेग, आणि मीटरवर १०४! वीस अंश उतरलेले पाहून मला इतका आनंद झाला की मी ओळखीच्या दोघांना त्याच गॅरेजकडे पाठवले. त्यांपैकी एकाने काम करूनही घेतले. या सबंध प्रकरणात मला सर्वांत जास्त लाज कशाची वाटत असेल तर याची.

संशय आला तो योगायोगाने. पाचगणीला पोहोचल्यावर पुढच्या बंपरच्या जाळीत अडकलेली पिशवी काढायला मी हात घातला आणि बोटे कूलरला लागली. कूलर जेमतेम कोमट होता. इंजिन नुकतेच बंद केलेले, मीटर शंभराच्या पुढे, आणि ज्यातून ते तेल वाहते म्हणतात त्या कूलरवर हात ठेवून मी निवांत उभा राहू शकत होतो. होजही तसेच. तेल तिथून खरेच जात असते तर चटका बसून हात मागे आला असता.

आमच्या शेजारच्या काकांनी एका कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंट विभागात आयुष्य घालवले आहे. त्यांना सांगितल्यावर ते म्हणाले, "अरे, आधी तुझ्या मीटरला परीक्षेला बसव. सेन्सर काढ आणि उकळत्या पाण्यात धर." पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने येथे पाणी १०० ऐवजी साधारण ९८ अंशांना उकळते. तेल काढून आम्ही सेन्सर सोडवला, वायर जोडलेलीच ठेवून बॉडीला अर्थिंग दिले, आणि सेन्सरचे टोक स्वयंपाकघरातून आणलेल्या पातेल्यात बुडवले. मीटरने ८८ दाखवले. थंड पाण्यात मात्र तो अगदी बरोबर होता, आणि काकांचे डोळे चमकले ते नेमके यामुळेच.

अशा सेन्सरचा विद्युतरोध तापमान वाढेल तसा कमी होतो. तीस अंशांना तो कित्येकशे ओहम असतो, शंभरच्या पुढे दोन आकड्यांवर येतो. वायरीत कोणी वीस-बावीस ओहमचा रेझिस्टर मालिकेत जोडला, तर थंड इंजिनाच्या मोठ्या आकड्यात ती भर कळतही नाही. पण तेल जितके तापेल तितका तिचा वाटा मोठा होत जातो आणि मीटरला तेल आहे त्याहून थंड वाटते. म्हणजे सकाळी गाडी सुरू करताना मीटर बिनचूक, आणि घाटात, जिथे मालक डोळे लावून बसलेला असतो तिथे, वीस अंश कमी. आम्ही वायर चाचपत गेलो तर फायरवॉलजवळ (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याजवळ) काळ्या टेपच्या वेटोळ्याखाली तो सापडला: लाल, लाल, काळा पट्टा, म्हणजे २२ ओहम. हे करणाऱ्याला विजेचे ज्ञान बरे होते, एवढे श्रेय त्याला द्यायला हवे.

नंतर सगळेच खोलले. सँडविच प्लेटवर थर्मोस्टॅटचे तापमान कोरलेले होते, आत मात्र नुसती स्प्रिंग होती. या प्लेटमध्ये तेल गार असताना आतला जवळचा रस्ता उघडा असतो. तेल तापले की मेणाची कांडी फुगून तो रस्ता बंद करते आणि तेलाला कूलरकडे जावे लागते. कांडीच नसेल तर रस्ता कायम उघडा राहतो आणि बहुतेक तेल कूलरला वळसा घालून थेट फिल्टरमध्ये जाते. कूलर कोमट का होता, याचे उत्तर मिळाले. नव्या म्हणून दिलेल्या त्या कूलरचा काळा रंग थिनरने पुसल्यावर खाली जुन्या बोल्टांचे वळ निघाले, आणि डिझेलने धुतल्यावर पातेल्याच्या तळाशी धातूची चकाकणारी कुसळे जमली. बेअरिंग गेलेल्या कुठल्यातरी इंजिनाचा तो कूलर असावा. अशा कूलरच्या आतल्या घड्यांतली धातूची भुकटी कितीही धुतली तरी पूर्ण निघत नाही, म्हणून जाणते मेकॅनिक तो सरळ भंगारात टाकतात. येथे फिल्टर कूलरच्या नंतर येत असल्याने बरीचशी कुसळे तिथेच अडकली. फिल्टर कापून पाहिला तेव्हा घड्यांत ती दिसली. पहिल्या लबाडीने तेल कूलरकडे फारसे जाऊच दिले नाही, म्हणून दुसऱ्या लबाडीपासून माझे इंजिन वाचले, हा विनोद मला पचायला बरेच दिवस लागले.

कूलर बसवूनच घ्यायचा असेल, तर मीटरच्या वायरीला आणि सेन्सरच्या जागेला गॅरेजला हात लावू देऊ नका. आधीचे आणि नंतरचे आकडे एकाच जागेवरच्या एकाच सेन्सरचे असतील तरच त्यांची तुलना करता येते. प्लेट बसवण्याआधी तिची कांडी गरम पाण्यात टाकून ती फुगते का, ते आपल्या डोळ्यांसमोर पाहा. काम झाल्यावर तेल शंभरीला पोहोचू द्या आणि इंजिन बंद करून कूलरजवळ जपून हात न्या. जुने सामान आणि नव्या सामानाची खोकी दोन्ही मागून घ्या. आणि बिल पक्केच घ्या. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर मार्गदर्शनही मिळते. पण माझ्या हाती होती ती तारीख नसलेली चिठ्ठी आणि एका भलत्याच व्यक्तीच्या नावावरची यूपीआयची नोंद, आणि केवळ तो व्यवहार माझाच होता हे मांडण्यात चार महिने गेले.

गॅरेजवाल्याने मध्यंतरी १२,००० रुपये रोख देऊ केले. त्याची एकच अट होती, काढलेला रेझिस्टर आणि प्लेट त्याला परत द्यायची. मी नकार दिला. त्याच आठवड्यात, माझ्या शब्दावर तिथे गेलेल्या त्या ओळखीच्या गृहस्थांना मी घरी बोलावले आणि पातेले पुन्हा बाहेर काढले. त्यांच्या वायरीतही, फायरवॉलजवळ, तशाच काळ्या टेपखाली लाल, लाल, काळा निघाला. आता तक्रारीवर आम्हा दोघांच्या सह्या आहेत.