चार लिटर पाण्यात मोटारसायकल: न विसळता धुण्याचा शाम्पू आणि हातपंपाचा फवारा

जुळे सोलापुरात आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येते. उजनीच्या त्या पाण्याने टाकी, पिंप आणि घागरी भरून झाल्या की गाडीला नळी लावण्याचे धाडस होत नाही, आणि शेजारी टँकरची वाट पाहत असताना ते शोभतही नाही. वॉशिंग सेंटरचा पर्याय मी सोडून दिला, कारण एका ठिकाणी जोराचा फवारा थेट मीटरवर मारल्याने काचेच्या आत आठवडाभर वाफ साचून राहिली होती. म्हणून गेल्या डिसेंबरात विसळावा न लागणारा शाम्पू आणि दोन लिटरचा हातपंपाचा फवारा घेतला. मे महिन्याचे ऊन आणि पहिला पाऊस असे दोन्ही पाहून झाल्यावरच हे लिहीत आहे.

साध्या शाम्पूचा फेस काढायलाच दोन बादल्या लागतात. या द्रवातील पॉलिमर मात्र धुळीच्या कणांभोवती गुळगुळीत थर धरतात, त्यामुळे कण रंगावर फारसे न घासता फडक्यात उचलले जातात आणि वरून पाणी ओतण्याची गरज उरत नाही. चार लिटर पाण्याला साधारण १६ मिली द्रव पुरतो. जास्त घातल्यास पेट्रोलच्या टाकीवर तेलकट पट्टे उठतात, हे मी पहिल्याच आठवड्यात करून पाहिले आहे.

दीड लिटर फवाऱ्यात आणि अडीच लिटर बादलीत, अशी मी विभागणी करतो. इंजिन थंड असताना सगळ्या गाडीवर फवारा मारून दोन मिनिटे थांबावे, मग मायक्रोफायबरचे फडके चार घड्यांचे करून टाकीपासून खाली, एकाच दिशेने आणि दाब न देता फिरवावे. प्रत्येक भागाला फडक्याची नवी बाजू घ्यावी. आठही बाजू मळल्या की मगच ते बादलीत बुचकळावे. रिमसाठी जुने फडके वेगळे ठेवावे, कारण ब्रेकची काळी भुकटी लोखंडी कणांची असते आणि तेच फडके टाकीला लागले तर ओरखडे नक्की पडतात.

इथे आपल्या टेरी टॉवेलबद्दल सांगितलेच पाहिजे. भौगोलिक मानांकन मिळालेला सोलापुरी टॉवेल घरोघरी असतो आणि साहजिकच हात त्याच्याकडे जातो. धूळ निघून गेल्यावर ओल टिपण्यासाठी तो उत्तम आहे, परंतु धूळ पुसण्यासाठी नाही: त्याचे फासे कण धरून ठेवतात आणि शिवलेली कड रंगावर घासते.

धुळीपुरते या शाम्पूचे काम मला मनापासून आवडले. चिखलापुढे मात्र तो हरतो. आपली काळी माती ओली असताना मडगार्डखाली फुगून बसते आणि वाळली की दगडासारखी होते. जूनमध्ये अक्कलकोट रोडच्या एका शेतरस्त्यावरून आल्यावर मी अर्धा तास ओले गोणपाट गुंडाळून ठेवले, लाकडी पट्टीने ढेकळे काढली, आणि तेव्हाही तीन लिटर पाणी जास्तीचे लागलेच. चेनचा प्रश्नही याने सुटत नाही. तिला रॉकेल आणि ब्रश, नंतर पुसून वंगण, हेच खरे. या शाम्पूवर काम होईल असे समजून कोणी चेनवर फवारा मारू नये.

फवाऱ्याविषयी माझी तक्रार अधिक आहे. तिसऱ्या महिन्यात पंपाचे रबरी वायसर फुगून दाब सुटू लागला, आणि बोअरच्या जड पाण्याने प्लास्टिकच्या नोझलमध्ये क्षार साचले; लिंबाच्या रसात रात्रभर बुडवल्यावर ते मोकळे झाले. त्याच बोअरच्या पाण्याने काळ्या टाकीवर पांढरे ठिपके राहतात, त्यामुळे शाम्पू कालवायला मी नळाचेच पाणी वापरतो. उन्हाळ्यात सूर्य वर येण्याआधीच काम उरकावे. दुपारी पारा ४२ अंशांवर जातो अशा दिवसांत सकाळी नऊलासुद्धा द्रव पुसण्याआधीच सुकतो आणि डाग धरतो.

शाम्पूची बाटली सात महिन्यांनंतरही अर्धी शिल्लक आहे आणि संपल्यावर हाच घेणार आहे. फवारा मात्र पितळी नोझलचा, आणि ज्याचे वायसर सुटे मिळते असाच घेईन.