प्रोजेक्ट मॅनेजमेंटचा सरावाचा कोर्स: सात महिन्यांनंतरचा अनुभव

११ मेला सकाळी लॉगिन केलं तर समोर एकच ओळ: मुदत संपली. सोसायटीच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग निम्म्यावर आलेलं आणि कामाचं सगळं वेळापत्रक त्या कोर्सच्या सिम्युलेटरमध्ये, म्हणजे सरावाच्या सॉफ्टवेअरमध्ये, अडकलेलं. साडेआठ हजार मोजले होते. मुदत सहा महिन्यांची, हे मला माहीत होतं. पण आपणच बनवलेलं वेळापत्रक एक्सेलमध्ये उतरवून घेता येत नाही, हे पैसे भरताना कुणी सांगितलं नाही. कस्टमर केअरशी नऊ दिवस भांडलो, तेव्हा एक पीडीएफ आली. पीडीएफमध्ये तारखा पुढेमागे कशा करायच्या?

खरं तर मार्चपर्यंत मी हा कोर्स घेऊच नका म्हणत होतो. काल्पनिक पूल बांधायचा, चुकलं की रीसेट. त्यातून काय शिकणार? गच्चीचं काम अंगावर आलं आणि मत बदललं.

जुना कोबा, म्हणजे गच्चीवरचा विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा थर, फोडायला ठेकेदार म्हणाला, तीन दिवस. कोर्समधलं तीन अंदाजांचं सूत्र लावलं: लवकरात लवकर ३, बहुधा ५, सगळंच बिघडलं तर १३. मधल्याला चारने गुणून तिन्हींची बेरीज, भागिले सहा. उत्तर ६. प्रत्यक्षात सात दिवस लागले, कारण राडारोडा उचलायला गाडीच येईना. अमेरिकी नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्रांसाठी १९५८ मध्ये बसवलेली ही पद्धत पुण्यातल्या गच्चीवर इतकी जवळ येईल असं वाटलं नव्हतं.

चुकलो ते 'आधीचं काम' या रकान्यात. नव्या कोब्याच्या आधी टाकीचे पाइप उचलायला हवेत, हे मी लिहिलंच नव्हतं. विटांचे तुकडे वर चढवलेले, मिस्त्री थापी घेऊन उभा, आणि गच्चीवर पाइप आडवे. प्लंबर मिळेपर्यंत दोन दिवस गेले. कठड्याचा रंग दोन दिवस लांबला असता तर काही अडलं नसतं. पण कोबा लांबला की तराई, म्हणजे तो पाणी मारून ओला ठेवणं, लांबते, तराई लांबली की पाणी भरून बघणं लांबतं. एक काम लांबलं की सगळं काम लांबतं अशी ही साखळी म्हणजे क्रिटिकल पाथ. व्हिडिओत तो तीनदा ऐकला होता, कळला तो त्या दिवशी.

उरलेलं वेळापत्रक वहीत उतरवलं आणि काम पुरं केलं. पावसाळी पाइपांची तोंडं बंद करून गच्चीत ७२ तास पाणी ठेवलं. शेजारी पाण्याची बादली ठेवून तिच्यावरही खूण केली, म्हणजे उन्हात वाफ किती झाली ते समजावं. दोन्हीकडे पाणी सारखंच उतरलं, म्हणजे गळती नाही. वरच्या मजल्यावरच्या काकूंचं छत कोरडं. तारीख होती ५ जून.

शिकवण्याला पाचपैकी चार, कंपनीला एक. मुदत वाढवायला ते आणखी तीन हजार मागतात. मी देणार नाही. घ्यायचाच असेल तर फाइल एक्सेलमध्ये मिळेल का, हे आधी ईमेलवर लेखी घ्या. मिळत नसेल, तर पहिल्या दिवसापासून आपला एक्सेल वेगळा ठेवा.