जिराफ कॅटफिश की फेदरफिन? नाशिकमध्ये मोठा आफ्रिकन कॅटफिश पाळायचा विचार असेल तर

दुकानात दोन्हींची पिल्लं शेजारशेजारच्या टाकीत असतात, दोन्ही बोटाएवढी, दोन्हींना मिशा, दोन्हींच्या अंगावर सुंदर नक्षी, त्यामुळे आपल्याला वाटतं जो आवडेल तो घेऊ. पण फेदरफिन घरात साधारण 20 सेंटीमीटरपर्यंत जातो, फार तर 30, आणि जिराफ 50-60 सेंटीमीटर, त्याहून मोठाही होतो. आता हे ऐकून "तिप्पट लांब, ठीके" असं वाटतं ना, पण मासा लांबीत तिप्पट झाला की रुंदी-जाडीतही वाढतो, म्हणजे वजन जवळपास 27 पट, आणि खाणं, घाण, त्या घाणीतून पाण्यात होणारा विषारी अमोनिया, सगळं त्या वजनाच्या मागे येतं. माझ्या मते निवड इथेच ठरते, नक्षीवर नाही.

आधी तिसऱ्याचं बोलून घेतो कारण कोणीतरी हमखास सुचवतं, की आफ्रिकनच हवा तर मांगूर घे, स्वस्त आहे. नको. तो आफ्रिकन मांगूर, ज्याला बाजारात थाई मांगूर म्हणतात, त्याच्यावर आपल्याकडे 2000 सालापासून बंदी आहे, आणि 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने त्याचे साठे नष्ट करायला सांगितलं. हवेतून श्वास घेतो, ओल्या जमिनीवरून सरपटत जातो, समोर येईल ते खातो. विषय संपला.

आता जागा. फेदरफिनला 4 बाय दीड बाय दीड फुटाचा टँक चालतो, त्यात साधारण 255 लिटर पाणी बसतं. जिराफसाठी मी 7 बाय अडीच बाय 2 च्या खाली जाणार नाही, म्हणजे जवळपास 990 लिटर, नुसतं पाणीच एक टन, वर काच, वाळू, स्टँड वेगळं. पाथर्डी फाट्याला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय हे करू नका प्लीज, तळमजला किंवा बंगला असेल तर गोष्ट वेगळी.

पाणी बदलायचं गणित पण बघा. आठवड्याला 30 टक्के धरलं तर फेदरफिनला 75 लिटर, चार-पाच बादल्या, रविवारी सकाळी चहा होईपर्यंत काम उरकतं. जिराफला 300 लिटर, दर आठवड्याला, मे महिन्यात गंगापूर धरणाची पातळी उतरली आणि पाणीकपात सुरू झाली तरीही. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं त्यामुळे अँटी-क्लोरीन दोन्हीकडे लागतंच. आणि नाशिकची थंडी! डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा 10 च्या खाली जातो आणि या माशांना 24-26 अंश हवेत, म्हणजे लिटरला एक वॉट धरला तर एकाला 250 वॉटचा हीटर पुरतो, दुसऱ्याला 500 चे दोन लावावे लागतात, लाईटबिल तुम्हीच काढा.

मग जिराफ कोणी घ्यावाच का? घ्यावा, कारण मासा म्हणून तो विलक्षण आहे. वाळूत तोंड खुपसतो, घास घेतो, खाण्यासारखं ठेवून बाकीची वाळू कल्ल्यांतून बाहेर सोडतो, तासभर बघत बसलं तरी कंटाळा येत नाही. फक्त वाळू बारीक आणि मऊ हवी, धारदार खडी नको. वय वाढलं की ती जिराफासारखी नक्षी फिकट होते, हे आधीच माहीत असू द्या. माझ्या एका मित्राने 4 फुटी टँकमध्ये ठेवला होता, "वाढला की मोठा टँक करू" म्हणून, मासा वाढला, टँक नाही झाला, आणि वळताना काचेला घासून घासून त्याचं नाक सोललं. ते बघवत नव्हतं.

माझ्या सिडकोतल्या घरी फेदरफिन आहे, सात वर्षं झाली. खरं सांगायचं तर दिवसा तो लाकडाखाली उलटा चिकटून असतो, पाहुण्यांना दाखवायला मासा हवा असेल तर निराशा होईल. रात्री लाईट बंद केली की बाहेर येतो, मग बुडणाऱ्या पेलेट्स, कधी गांडूळ, कधी कोळंबीचा तुकडा. पाण्याबाहेर काढला की पंखाचा काटा सांध्यात घासून करकर आवाज करतो, आणि ते काटे जाळीत असे अडकतात की मासा जखमी होतो, म्हणून जाळी नाही, डब्यानेच काढायचा. एकच ठेवा, आपल्यातल्याशी भांडतो. निऑन टेट्रासारखे इवलेसे मासे दोघांबरोबरही नको, रात्रीत खाल्ले जातील, सकाळी दिसणार नाहीत.

दोघांनाही खवले नसतात, त्यामुळे तांब्याची किंवा फॉर्मेलिनची औषधं बाटलीवरच्या डोसने सरळ ओतू नका.

आणि मोठा झाला, सांभाळवत नाही, म्हणून गंगेत, म्हणजे आपल्या गोदावरीत, सोडायचा नाही, कोणी पुण्य म्हणालं तरी नाही. घ्यायच्या आधीच दुकानदाराला विचारा की मोठा झाल्यावर परत घेणार का.

फ्लॅट असेल तर माझं मत फेदरफिन. टँक चार ते सहा आठवडे आधी फिल्टरसकट चालू ठेवा, अमोनिया आणि नायट्राइट शून्य आले की मगच पिल्लू आणा, मिशा अख्ख्या असलेलं आणि पोट खपाटीला न गेलेलं.