आमच्या फार्मसी कॉलेजचा मेंटॉर आणि काउन्सेलिंग सेल, खरा अनुभव

डी.फार्म (डिप्लोमा) करून मी बी.फार्मला डायरेक्ट सेकंड इयरला आले म्हणजे थेट तिसऱ्या सेमला, आणि तिथे समोर ऑरगॅनिक केमिस्ट्री टू, पहिला भाग डिग्रीच्या लेव्हलला कधी शिकलेलाच नाही. वरून कम्युनिकेशन स्किल्स आणि कॉम्प्युटर ॲप्लिकेशन्स हे फर्स्ट इयरचे विषय पण लॅटरलवाल्यांना, म्हणजे आमच्यासारख्या थेट सेकंड इयरला आलेल्यांना, सोबत काढावे लागतात, हे मला मेंटॉर मॅडमनी सांगितलं म्हणून कळलं, ऑफिसमध्ये कोणी धड बोलत नव्हतं. मॅडमनी वेळापत्रक बसवून दिलं, कुठला बॅकलॉग आधी काढायचा ते सांगितलं, आणि जीपॅट (एम.फार्मसाठीची प्रवेश परीक्षा) द्यायची की नोकरी बघायची यावर शांतपणे बोलल्या. जीपॅट क्वालिफाय झालं तर एम.फार्मला एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) महिन्याला १२,४०० रुपयांची स्कॉलरशिप मिळते, माझ्या घरच्या परिस्थितीत हे कळणं फार मोठी गोष्ट होती. मॅडमना पैकीच्या पैकी.

काउन्सेलर मात्र आठवड्यातून एकदाच येतात, तेही नेमके प्रॅक्टिकलच्या वेळेत. आणि खोली स्टाफरूमला लागून, मग कोण मोकळं बोलणार सांगा? रिझल्टनंतर पोरं अक्षरशः खचलेली असतात, तेव्हा तरी रोज कोणीतरी हवंच. तोवर टेली मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, लक्षात ठेवा, सरकारी आहे, फुकट आहे, २४ तास चालू, मराठीत बोलता येतं.

ॲडमिशन घेताना लॅब बघता तसं हे पण विचारा, मेंटॉर कोण आणि एकाकडे किती मुलं.