डंजनच्या टाइल्स: कागदावर छापायच्या की थ्रीडी प्रिंटरवर?

डंजन टाइल्स म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या टेबलावरच्या खेळात भुयारी खोल्या मांडायचे तुकडे. सहा बाय आठ चौकोनांची एक साधी खोली घ्या. कागदावर तिची फरशी एका ए४ पानात मावते: छापा, चिकटवा, कापा, झाली तयार. थ्रीडी प्रिंटरवर त्याच फरशीला २×२ च्या १२ टाइल्स लागतात. थर ०.२ मिमीचा धरला तर एका टाइलला साधारण तास-दीड तास, आणि भिंतींचा वेळ वेगळा. ठरवायला बसताना हा हिशोब आधी करावा, रंगवलेल्या खोल्यांचे फोटो नंतर पाहावेत. टाइल दिसते कशी यापेक्षा ती मापात आहे का आणि शेजारच्या टाइलला नीट जुळते का, यावरच ती वर्षभर वापरली जाईल की खोक्यात पडून राहील हे ठरतं.

माप दोन्हीकडे एकच, १ इंच म्हणजे २५.४ मिमीचा चौकोन. पण चूक होते ती वेगवेगळ्या जागी.

कागदाची चूक प्रिंट करतानाच होते. ‘फिट टू पेज’ चालू राहिलं की पान दोन-तीन टक्क्यांनी आकसतं. ३ टक्के म्हणजे दहा चौकोनांत साडेसात मिमी, आणि मग दोन पानांवरच्या खोल्या दारापाशी जुळत नाहीत. ‘अ‍ॅक्च्युअल साइज’ किंवा १००% निवडा आणि पहिल्या पानावर दहा चौकोन पट्टीने मोजा: २५४ मिमी भरले पाहिजेत. दुसरी अडचण लेटर आकाराच्या पानासाठी केलेल्या फायलींची. त्यात आठ चौकोनांची ओळ असली तर ती २०३ मिमी होते. ए४ ची रुंदी २१०, म्हणजे दोन्ही बाजूंना जेमतेम साडेतीन मिमी उरतात. बऱ्याच प्रिंटरांना एवढ्या काठापर्यंत छापता येत नाही आणि कडेची ओळ कापली जाते. अशी फाइल दोन पानांत विभागून छापावी, लहान करू नये.

नुसता २०० ते २५० जीएसएमचा कागद टेबलावर सरकतो, कोपरे वळतात. ५ मिमी फोमबोर्डवर (दोन कागदांमध्ये फोम असलेल्या पुठ्ठ्यावर) चिकटवला की टाइलला जाडी येते. मात्र पाण्याचा अंश असलेला पांढरा गोंद एकाच बाजूला लावला तर कागद सुकताना आकसतो आणि बोर्ड वाटीसारखा वाकतो. त्याच बैठकीत मागच्या बाजूला तेवढ्याच जाडीचा कोरा कागद लावा आणि रात्रभर वजनाखाली ठेवा. इंकजेटची शाई ओल्या गोंदाने फुटू शकते, म्हणून तिथे ग्लू स्टिक बरी. लेझरची छपाई पाण्याला टिकते, पण घडीवर तिचे टवके उडतात. उभ्या भिंती दुमडण्याआधी बोथट टोकाने घडीची रेघ पाडून घ्यावी. कापायचं चिकटवल्यानंतरच, नव्या पात्याने, तीन-चार हलक्या फेऱ्यांत. एकाच दाबात कापायला गेलं की आतला फोम फाटतो. कडा काळ्या किंवा राखाडी मार्करने रंगवल्या की पांढरी रेघ दिसत नाही.

थ्रीडी टाइलची चूक तळाशी असते. पहिला थर दाबला जाऊन बाहेर पसरतो, त्याला एलिफंट फूट म्हणतात. प्रत्येक बाजूला ०.१५ मिमी पसरला तरी सहा टाइल्सच्या ओळीत जवळपास २ मिमी वाढतात आणि समोरची भिंत बसत नाही. स्लायसरमध्ये (मॉडेलचे थर पाडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) एलिफंट फूट कॉम्पेन्सेशन ०.१ ते ०.२ मिमी ठेवा, पीएलए या नेहमीच्या प्लास्टिकसाठी बेड (छपाईचा तापलेला पाट) ६० वरून ५५ अंशांवर आणा, नोझल (प्लास्टिक सोडणारं टोक) किंचित वर घ्या. बाकी ०.४ मिमी नोझल, तीन पेरिमीटर (बाहेरच्या कडेचे पदर) आणि १० ते १५% इन्फिल (आतली भरण) पुरतं. त्याहून जास्त भरणं म्हणजे नुसता फिलामेंट (प्लास्टिकची तार) वाया. रेझिन प्रिंटर (द्रव रेझिन प्रकाशाने घट्ट करणारा) मिनिएचरसाठी, म्हणजे पात्रांच्या छोट्या मूर्तींसाठी ठेवा: फरशीला तेवढी बारकाई लागत नाही, शिवाय साधं रेझिन पडलं की तुटतं.

यापेक्षा मोठा निर्णय जोडणीचा, कारण तो नंतर बदलता येत नाही. ओपनलॉक आणि ड्रॅगनलॉक या दोन्ही टाइल्स क्लिपने जोडायच्या पद्धती आहेत, पण एकीची क्लिप दुसरीच्या खाचेत बसत नाही. क्लिपने जोडलेली खोली उचलून नेता येते. मधलीच एक टाइल काढायची म्हटली तर मात्र शेजारच्या सोडवाव्या लागतात. ओपनफोर्ज या तिसऱ्या पद्धतीत तळ आणि वरचा भाग वेगळे छापून चिकटवता येतात आणि तळात ५ मिमीचे गोळीच्या आकाराचे चुंबक सैल ठेवता येतात. ते आपोआप फिरून जुळतात, ध्रुव बघावे लागत नाहीत. खेळ चालू असताना एकेक टाइल मांडत जायचं असेल तर आमचं मत चुंबकांकडेच झुकतं. घरात लहान मुलं असतील तर क्लिपच घ्या: सुटलेले दोन चुंबक गिळले गेले तर आतड्याला गंभीर इजा होते.

टाइलवरच उभी केलेली भिंत दिसते देखणी, पण अनेक सेटमध्ये ती जवळपास अर्धा चौकोन खाते आणि २५ मिमी बेसचं मिनिएचर तिथे उभं राहत नाही. शिवाय दोन इंची भिंतीमागे काय चाललंय हे समोर बसलेल्यांना दिसत नाही. भिंती वेगळ्या असलेला किंवा अर्ध्या उंचीचा सेट निवडावा.

दर आठवड्याला नवं डंजन हवं असेल, सामान पिशवीतून न्यायचं असेल, तर कागद. घरीच खेळ, प्रिंटर हाताशी आणि तीच दगडी फरशी वर्षानुवर्षं वापरायची, तर थ्रीडी. फक्त पीएलए साधारण ६० अंशांना मऊ पडतं, बंद गाडीत उन्हात सोडू नये. दोन्हीच्या मधला मार्गही चांगला चालतो: फरशी कागदाची, आणि दारं, खांब, जिने एवढंच थ्रीडी.

थ्रीडीकडे वळणार असाल तर अख्खा सेट छपाईच्या रांगेत लावण्याआधी २×२ च्या चार टाइल्स, एक कोपऱ्याची भिंत आणि सहा क्लिप छापा. चौकोनात जोडा आणि बाहेरून मोजा, १०१.६ मिमी यायला हवेत. अर्ध्या मिमीपेक्षा जास्त वाढ दिसली तर पहिला थर सुधारून त्याच चार पुन्हा छापा. क्लिप बसते पण सोडवताना तुटते असं झालं तर टाइलला हात न लावता क्लिप तेवढ्या पेटजीमध्ये (पीएलएपेक्षा लवचिक प्लास्टिकमध्ये) छापून बघा, आडव्या झोपवून.